आत्याला विचारलं का?

अन्याय माझ्या आत्यावर झाला. कधी, तेही सांगते: यंदा भोगीच्या दुपारी, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, ताटात बाजरीची भाकरी असताना. बाबा म्हणाले, "अक्का, संक्रांत झाली की तू वैरागला दादाकडं राहायला जा. त्याचं पोरगं पुण्याला गेलं, घर मोकळं मोकळं झालंय. आवरून ठेव."

नवरा गेल्यापासून आत्या आमच्याकडेच राहते. ती भाकरी कुस्करत राहिली.

मी आईला ओट्यापाशी गाठलं. "आत्याला विचारलं का?"

"विचारलं की. आत्ता तुझ्यासमोर!"

याला विचारणं म्हणतात? सांगणाऱ्याला फक्त 'बरं' ऐकायचं असतं. विचारणाऱ्याला 'नाही' ऐकायची तयारी ठेवावी लागते. आमच्या घरात, आणि मला शंका आहे तुमच्याही, बाईला सांगून टाकायचं आणि विचारल्याचं समाधान मानायचं, अशी रीतच पडलीय.

आत्याला का जायचं नव्हतं, ते मला एकटीलाच ठाऊक होतं. ती स्कूटी शिकत होती. रोज सकाळी कॉलनीतल्या मैदानात, पदर खोचून, शेजारच्या मुलीला मागं बसवून. दोनदा पडली, पण घरात चकार शब्द काढला नाही. आता लायसनची परीक्षा तेवढी राहिली होती.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी दाराशी आली, बाबा रिक्षा बघायला निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. "आत्या कुठंही जाणार नाही! कुठं राहायचं हा तिचा हक्क आहे!"

"आला बघा मोर्चा," बाबा म्हणाले.

आत्या माझ्याकडं वळली. "आगं, तू तरी मला कुटं विचारलंस? तूबी सांगायलाच लागलीस की."

मी दारातून बाजूला सरकले. बाबा हसायला लागले, तर ती त्यांच्याकडं बघत राहिली. "आन् तू रं?"

बाबांनी घसा खाकरला. "बरं अक्का, जातीस का वैरागला?"

"न्हाय. मला गाडीची परीक्षा द्यायचीय."

"कसली गाडी?"

"स्कूटी. लई दिवस झाले शिकतीय."

बाबा मटकन खुर्चीत बसले. मग वैरागला काकांना फोन लावला. मला वाटलं, आता रुसवेफुगवे. काका पलीकडून म्हणाले, "मग न्हाय तर न्हाय! आमी दोघं हितं मजेत हाय की. हे ठरवलं कुणी?"

म्हणजे काकांनाही कुणी विचारलं नव्हतं!

इतकं सोपं होतं. ना भांडण, ना रडारड. आईनं पिशवीतल्या साड्या परत कपाटात लावल्या, आत्यानं चहा टाकला. परवा आत्या परीक्षा पास झाली. बाबांना मागं बसवून भाजीला गेली. ते दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते.

तुमच्या घरात आज कुणाबद्दल काय ठरलंय? हा कागद खाली ठेवा. त्या माणसासमोर जाऊन बसा आणि विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर पिशवी परत कपाटात ठेवा.