हाताची चव

असोद्यात कुणाच्या मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी ठरली की पहिलं बोलावणं तानुबाईला. "तुमच्या हातालाच चव आहे," असं जो तो म्हणे आणि ती मनातून चिडे. चव हातात कशी असेल? असेल तर वांग्यात, नाही तर कपाशीच्या काड्यांच्या जाळात.

एकदा तिच्या सुनेने, सुलक्षणाने, गॅसवर वांगी भाजून मिक्सरमधून काढली. भरीत फिकं लागलं. "बघा, हात तुमचाच," सून म्हणाली.

"अवं, जाळ बदलला, ठेचायच्या बडगीऐवजी मिक्सर आला, अन् हात बी तुझा. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर हाताच्याच नावानं बिल कसं फाडतेस?"

मग थंडीतल्या एका दुपारी सगळं सारखं ठेवलं. एकाच झाडाची वांगी, एकच जाळ, ठेचायला तीच लाकडी बडगी, मीठ-मिरचीही मोजून तेवढीच. हात मात्र दोघींचे वेगळे. निळसर धूर केळीच्या पानांतून तरंगत गेला आणि सगळा मळा झोपेत हसल्यासारखा दिसू लागला.

नवऱ्याच्या, प्रेमराजनानांच्या, डोळ्यांवर उपरणं बांधून तानुबाईने दोन वाट्या पुढे केल्या. "माझं कोणतं?" मग गुपचूप वाट्यांची अदलाबदल करून पुन्हा विचारलं.

दोन्ही वेळा नाना म्हणाले, "हे बी तुझंच, ते बी तुझंच."

तानुबाईने आपले काळवंडलेले हात मांडीवर ठेवले. धुरातून ते तिला कुणा दमलेल्या परक्या बाईचे वाटले.

"सुलक्षणा," ती म्हणाली, "पुढच्या पार्टीत तू ठेच. मी पंगतीत बसते."