शुक्रवारचा तास

सासूबाईंनी सकाळीच रोजनिशीत लिहिलं: ७ फेब्रुवारी, शुक्रवार. दूधवाला पावणेसातला आला. सूनबाईचा डबा कालही भरलेलाच परत आला. आज तिच्या वर्गावर पंपाच्या कारखान्याचे फोरमन कामासाठी मुली निवडायला येणार.

सूनबाई पंपदुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेत बाई होती. दर शुक्रवारी ती सराव परीक्षेचे कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात कोंडी, किल्ली स्वतःकडे ठेवी आणि मुलींपुढे मोडके पंप मांडी. काय बिघडलं, काय केलं, काय कळलं नाही, हे प्रत्येकीने वहीत लिहायचं. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत हा तास खुपत होता. "आज एकही मुलगी निवडली गेली नाही, तर शुक्रवारीही सराव परीक्षाच," असं त्यांनी बजावलं होतं.

फोरमननी टेबलावर एक पंप ठेवला. "अर्ध्या तासात चालू करा."

पहिल्या नंबरच्या मुलीने तो खोलला, जोडला, पुन्हा खोलला. बटण दाबलं, तरी पंप ढिम्म. दुसरीचीही तीच गत.

"घ्या बाई, तुमच्या शुक्रवारांची फळं!" मुख्याध्यापक पुटपुटले.

मग पुढे आली वर्गातली सगळ्यांत बडबडी मुलगी. सगळ्या परीक्षांत काठावर पास झालेली. तिने पंप उघडला, वाकून वास घेतला, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पाना खाली ठेवला.

"काय गं, एवढ्यात दमलीस?" फोरमननी विचारलं.

"नाही काका. मोटरमधल्या तारांचं वाइंडिंग जळलंय. नवीन भरून आणावं लागेल, आज काही हा चालायचा नाही. गिऱ्हाइकाला आत्ताच सांगून टाकू, उगाच ताटकळत कशाला ठेवायचं?"

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. फोरमन मात्र खो खो हसत सुटले. "अहो, जळकाच आणला होता मी! माझी माणसं दिवसभर खटपट करतात, पण 'होत नाही' हे तोंडातून निघत नाही. ही सोमवारपासून येऊ दे. वहीसकट."

पहिल्या नंबरचं तोंड एवढंसं झालं होतं. बाईंनी तिची वही उघडून पुढे सरकवली. "लिही आता, काय कळलं नाही ते. पुढच्या खेपेला तू."

"चालू राहू द्या तुमचा शुक्रवार," मुख्याध्यापक म्हणाले, "पण माझ्या कपाटाची किल्ली तेवढी द्या!"

घरी शिरताच बाई दारातूनच ओरडल्या, "आई, शुक्रवारचा तास टिकला!"

त्या संध्याकाळच्या पानावर सासूबाईंनी लिहिलं: सूनबाई सव्वापाचला आली. डबा रिकामा. भांड्यांची घासणी संपली, उद्या आणणे.