त्र्याहत्तरने भाग जातो

आमच्या घरी चुकीला माफी नव्हती. बाबा रेल्वेत इंजिनिअर. नागपूरहून बदली होऊन लखनौला आले आणि इथलेच झाले. वॅगनवरचा नंबर असो नाहीतर गॅसच्या पावतीवरचा, लांबलचक संख्या दिसली की तिला कशाने भाग जातो ते शोधायचं, हा त्यांचा छंद. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग गेला नाही, तर ती मूळ संख्या. तसं त्यांनी जाहीर केलं आणि ते चुकलेलं असलं, की मी "भाग जातो!" म्हणून ओरडायचं, हा घरचा नियम. पाहुण्यांसमोरसुद्धा. मी चुकले की ते ओरडत.

या हिवाळ्यात ते तेलीबागच्या बाजारात पाव आणायला गेले आणि परतताना त्यांना आमची गल्लीच सापडेना. ओळखीच्या भाजीवाल्याने घरी आणून सोडलं. तेव्हापासून चष्मा कुठे ठेवला असं त्यांनी विचारलं तरी मला धस्स होतं, आणि मग मी उगाच त्यांच्यावरच खेकसते.

परवा त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रांगेत बसल्यावर त्यांनी नोंदणीची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. २३४७२३४७.

"मूळ संख्या," ते म्हणाले.

ते साफ चुकले होते. मी दहा वर्षांची असताना त्यांनीच तर शिकवलं होतं. चार आकडे लागोपाठ दोनदा आले, की त्या चार आकडी संख्येला दहा हजार एकने गुणल्यासारखं होतं. आणि दहा हजार एक म्हणजे त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. अशी संख्या मूळ असूच शकत नाही. नुसती २३४७ मात्र मूळ आहे. ते मी तिथेच फोनवर बघून घेतलं. बहुधा त्यांची बाजू घ्यायला काहीतरी हवं होतं.

ओरडायला हवं होतं. "हो बाबा," मी म्हणाले आणि त्यांच्या स्वेटरचं बटण लावलं.

आत डॉक्टर म्हणाले, "अंकल, सौ में से सात घटाते जाइए."

"तिरानवे, छियासी, उनासी, बहत्तर..." बाबा थांबेचनात. डॉक्टरांनीच हसून थांबवलं आणि दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या. माझा जीव काही भांड्यात पडला नाही. मला ती चिठ्ठीवरची चूकच खरी वाटत होती.

परतताना आमची ऑटो हजरतगंजच्या गर्दीत अडकली. बाबांनी ती चिठ्ठी पुन्हा बाहेर काढली.

"त्र्याहत्तरने भाग जातो," ते म्हणाले.

मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. "बाबा, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"डॉक्टरांच्या दारात लक्षात आलं. घाईत चुकलो. पूर्वीही चुकायचोच की." त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. "पण तू ओरडली नाहीस."

"एवढे लोक होते तिथे..." मी सारवासारव करायला लागले.

"पाहुण्यांसमोर ओरडायचीस," ते म्हणाले. "आज 'हो बाबा' म्हणालीस. ते दारात आठवलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली."