वारा फिरेपर्यंत

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, धुराचा वास आला की मला हिंगणीजवळचं एक शेत आठवतं. रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची बातमी करायला मी तिथे गेलो होतो. हिवाळ्यातली संध्याकाळ होती. शेतमालकीण पाणी आणायला विहिरीवर गेली होती. तिची राखणीची खोपडी तुराट्यांची, गवताने शाकारलेली, आणि आत चार दिवस वेचलेला कापूस होता. थंडी वाजत होती, म्हणून मी खोपडीच्या दाराशी शेकोटी पेटवली. धूर दारापासून दूर, समोरच्या धरणाकडे जात होता, त्यामुळे जागा मला बरोबर वाटली. बाई परतली आणि तिने हातातली घागर शेकोटीवर ओतली. “भाऊ, इथं काऊन पेटवली? आत कापूस हाय ना.” वारा तर उलटा वाहतोय, असं मी म्हणालो. “आता वाहून राह्यला. दिवस बुडला का धरणाकडून येते.” तिने खोपडीमागे वीस पावलांवर, नांगरलेल्या उघड्या मातीत पऱ्हाट्या रचल्या, पण काडी लावली नाही. “थांबा जरा. एवढ्या थंडीनं कोणी मरत नाई.” दिवस बुडाल्यावर तिने दारासमोर उभं राहून कापसाचा पुंजका हवेत सोडला. तो माझ्या ओल्या राखेवरून सरळ खोपडीत शिरला. “आता पेटवा,” ती म्हणाली, “आन् पेपरात डुकरांचंच लिहा.” मी तसंच लिहिलं. आजही शेकोटी लावण्याआधी मी कापसाचा पुंजका सोडतो आणि मनातल्या मनात तिचे आभार मानतो; त्या संध्याकाळी ते मानायचे राहून गेले होते.