मेर्ख म्हणजे मुलगी

वेल्श भाषेवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. जिथे शब्दाचं पहिलंच अक्षर बदलतं, त्या भाषेने शब्दकोश तरी कशाला छापावेत? मुलगी म्हणजे 'मेर्ख'. पाठ केलं. दुसऱ्या दिवशी धड्यात 'वेर्ख'. ही कोण बया? शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली. मग कळलं, तीच ती. 'त्याची मुलगी' म्हटलं की म चा व होतो, 'तिची मुलगी' म्हटलं की होत नाही. आणि 'त्याची' नि 'तिची' यांना शब्द मात्र एकच! कंजूषपणाला काही मर्यादा?

पंचावन्नाव्या वर्षी हा उपद्व्याप मी हौसेने केला नव्हता. माझी मुलगी लग्न करून वेल्समध्ये राहते. तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत, पण त्या दिवसांत तिला विमानात कोण घेणार? आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डॉक्टर मला, आम्ही राहतो त्या मस्कतबाहेर पाऊल टाकू देईनात. म्हणजे सगळं विहीणबाईंच्या हाती.

त्यांना इंग्रजी उत्तम येतं, पण घरात त्या वेल्शच बोलतात. 'प्लीज टेक केअर' मी ऑफिसच्या ईमेलखाली रोज लिहिते. लेक सोपवायला ते शब्द मला पुरेनात. त्यांच्या भाषेत एकच वाक्य म्हणायचं ठरवलं, 'माझ्या मुलीला सांभाळा.'

अल अमेरातच्या घरून अल खुवैरला फिजिओथेरपीला जाताना मी गाडीत घोकत बसायचे. गाडी नवरा चालवायचा.

"मूर्ख कोणाला म्हणतेस?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मेर्ख! मुलगी! आणि हिचं डोकंच बदलतं रे."

"मग आपलं घोडा, घोड्याला?"

"ती शेपटी! मराठी शेपटीला हात लावते, डोकं शाबूत ठेवते."

"बरं बाई, खलास. सिग्नल सुटला."

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. विहीणबाईंशेजारी मुलगी पोटावर हात ठेवून बसली होती. मी हात जोडले आणि म्हणाले, "गोवालुख आम आइख मेर्ख."

म्हणायचं होतं 'व मेर्ख'. 'व' म्हणजे माझी. 'आइख' म्हणजे तुमची. तुमच्या मुलीला सांभाळा, असं म्हणून बसले मी! विहिणीसमोर उभं राहिलं की 'तुमचं, तुमचंच' करायची आपली खोड, तिने घात केला. माझ्या लेकीने कपाळावर हात मारला.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला समजेल अशा बेताने म्हणाल्या, "व मेर्ख ई."

माझी मुलगी.

कॉल संपताच मी नवऱ्यावर उखडले. "माझी म्हणाल्या त्या!"

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं? माझी आहे ती!" म्हणाले आणि ढसाढसा रडले.

डोळे पुसून पुस्तक काढलं. 'माझी' लावा, 'तुमची' लावा, मेर्खचं अक्षर हलत नाही. माझी तीही मेर्ख, त्यांची तीही मेर्ख. एरवी ऊठसूट बदलणारी ती भाषा, नेमकी इथेच बदलायला तिला काय धाड भरली होती?