देवघरातील घंटेचा निरोप

श्रीगजाननास आणि आमच्या नागरा गावच्या महादेवास मनोभावे वंदन करून हे लिहितो. आज त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळी लावावयाच्या वाती वळून झाल्या आहेत. फुलचूर गावातल्या या घराच्या ओसरीवर कोवळे ऊन आले आहे आणि शेजारच्या अंगणातून नव्या धानाचा वास येतो आहे. यंदाची ही पौर्णिमा मला याच घरात लाभली. त्याबद्दलची कृतज्ञता शब्दांत ठेवावी, एवढाच हेतू.

माझ्या गृहिणीच्या वर्षश्राद्धानंतर पुण्याहून आलेली कन्या माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, आता एकटे राहणे पुरे. माझ्याकडे चला."

मी म्हणालो, "बाळ, नागऱ्याच्या देवळातला सोमवार आणि ही तुळस सोडून मी तिकडे कोणाच्या आधाराने दिवस काढू?"

मग आमच्यात एक ठरले. तिने घरात यंत्रे बसवावीत. माझी खुशाली ती यंत्रे तिला नीट कळवीत राहिली, तर मी येथेच राहावे. घोळ झाला, तर मुकाट्याने सामान बांधावे.

यंत्रे आली. सूर्यास्त होताच अंगणातले दिवे आपले आपण लागू लागले. केर काढणारे एक वाटोळे यंत्र फरशीवर हिंडू लागले. शेजारीणबाई त्याला कासव म्हणतात. शिवालयात कासव असतेच, आमचे थोडे फिरते आहे, इतकेच. निर्माल्याच्या पाकळ्या त्याच्या पोटात जाऊ नयेत, म्हणून त्या मी आधीच वेचून घेतो. तेही बिचारे चौरंगाला हलकेच टेकते आणि अदबीने मागे फिरते.

खरी जबाबदारी मात्र दुसऱ्याच दोन यंत्रांवर होती. भिंतीच्या कोपऱ्यातला एक डोळा माणसाची हालचाल टिपतो. बराच वेळ हालचाल दिसली नाही, की फडताळावरची डबी कन्येच्याच आवाजात विचारते, "बाबा, ठीक आहात ना?" आपण "ठीक आहे" म्हणायचे. उत्तर गेले नाही, तर कन्येच्या फोनवर सूचना जाते.

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी मी मौन धरून जपाचा संकल्प केला. जप गोमुखीत चालतो. हात त्या कापडी पिशवीत, माळ हाताशी, मणी ओढलेला कोणाच्या दृष्टीस पडू नये असाच विधी. अंग निश्चल ठेवून बसावे, हीही लहानपणापासूनची शिकवण. त्यामुळे कोपऱ्यातल्या डोळ्याला आसनावर बसलेला मी आणि भिंत यांत भेद दिसला नसावा.

डबीने विचारले. मी ऐकले. पण मौनात बोलावे कसे? वाटले, माझे कुशल परमेश्वर जाणतो, हिलाही कळेल. डबीने पुन्हा विचारले. मी पुढचा मणी ओढला.

थोड्याच वेळात परसदारी धपकन आवाज झाला. शेजारचे पोवार शेतकरी धानाची रोवणी सोडून, गुडघाभर चिखलाने माखलेले, कुंपण ओलांडून आत आले होते. मागून त्यांची पत्नी. शेजाऱ्यांच्या हातातल्या फोनवर कन्येचा आवाज येत होता.

"गुरुजी! ओ गुरुजी! काऊन बोलून नाही राहिले जी?"

मी डावा हात वर केला.

"हात हलवून राहिले ना! जित्ते आहेत!" त्यांनी फोनमध्ये ओरडून सांगितले.

"मग तोंडाले का झालं?" शेजारीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "पोरगी तिकडे रडून राहिली, अन् हे समाधी लावून बसले!"

फोनमधून हुंदका ऐकू आला. मी गोमुखी मस्तकी लावली, खाली ठेवली आणि बोललो, "बाळ, मी आहे. जपाला बसलो होतो."

मग ती म्हणाली, "गणपतीला येते, बाबा. तुम्हाला घेऊनच जाईन."

शब्द माझाच होता. मी हो म्हटले. शेजाऱ्यांना चहा दिला, तेव्हा ते फरशीवरच्या आपल्या चिखलाच्या पावलांकडे पाहून म्हणाले, "आता सोडा तुमच्या कासवाले. आज त्यालेही रोवणीवर धाडू!" त्या दिवशी मला हसू आले, ते त्या एका वाक्याने.

भाद्रपदात कन्या आली. माझी बॅग भरून दाराशी ठेवली. निघण्याच्या दिवशी मी नेहमीसारखा पूजेला बसलो आणि ती स्वयंपाकघरात होती. पूजा आटोपून मी घंटा वाजवली. उठून पाहतो तो ताट मांडलेले, भात वाढलेला आणि कन्या हातात पळी घेऊन तशीच उभी.

"बाबा, घंटा ऐकली आणि हात आपोआप भाताकडे गेला. आई असेच करायची ना? तुम्हाला कधी हाक मारायची नाही."

खरेच होते. तिची आई जपाच्या वेळी मला कधी बोलवत नसे. घंटा ऐकली, की पान वाढी.

कन्येने पळी खाली ठेवली. "तिला घंटेवरून कळायचे. मग मलाही का कळू नये?"

तिने परतीचा दिवस पुढे ढकलला. बाजारातून एक इवलेसे यंत्र मागवून देवघरातल्या टांगत्या घंटेच्या दांडीला चिकटवले. घंटा हलली, की तिच्या फोनवर निरोप जातो. जपाला बसताना एक ठोका, उठताना तीन. मध्ये डबीने विचारलेच, तर डाव्या हाताने पुन्हा एक ठोका. मौन वाणीचे असते, घंटेला त्याची आडकाठी नाही. पुढे आठवडाभर तिने शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून निरोप येतो का याची परीक्षा घेतली आणि मग दाराशी ठेवलेली बॅग स्वतःच्या हाताने रिकामी केली.

आताही पूजा आटोपून मी तीन ठोके देतो, तेव्हा काही क्षणांतच डबी बोलते, "बाबा, जेवायला बसा." आवाज कन्येचा असतो. हाक न मारता वाट पाहण्याची रीत तिच्या आईची.

आज दिवे उजळताना ज्यांनी हे वाचले, त्यांचेही स्मरण करीन. आपल्या घरी अन्न उदंड असो, दूर गेलेल्या लेकरांची खुशाली वेळेवर येत राहो आणि थकलेल्यांच्या उशाशी कोणाचा तरी कान जागा असो. महादेव आपणा सर्वांचे रक्षण करो.