ब्रेक सोडा, कॅप्टन

बहारीनच्या विमानतळावर मला पहिली लाथ बसली ती इंग्रजीपायी. फोरमन म्हणाला "चॉक्स" आणि मी ऐकलं "बॉक्स". चॉक्स म्हणजे उभ्या विमानाच्या चाकाला लावायचे लाकडी ठोकळे. मी धावत जाऊन सामानाची पेटी उचलून आणली. फोरमन इंग्लंडचा होता, तोंडाने कमी आणि बुटाने जास्त बोलणारा. त्याने मांडीवर अशी लाथ घातली की पेटी माझ्याच पावलावर आदळली. आजूबाजूचे हमाल हसले. मीही हसलो. नव्या माणसाने हसायचंच असतं.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी गुहागरकडचा, ट्रक चालवणारा. काही महिन्यांनी माझ्या हाती टग आला. टग म्हणजे बुटका, वजनदार ट्रॅक्टर. विमानाला आपणहून मागे जाता येत नाही. त्याच्या नाकाखालच्या चाकाला लोखंडी दांडा अडकवायचा, दांड्याचं दुसरं टोक टगला, आणि हळूहळू मागे ढकलत त्याला मोकळ्या जागी नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम.

माझा जोडीदार वसईचा, कॅथलिक, मिशनच्या शाळेत शिकलेला. तो हेडसेट लावून विमानाशेजारून चालायचा. हेडसेटची वायर विमानाच्या नाकाजवळ खोचलेली असे, आणि तिच्यातून तो वर बसलेल्या कॅप्टनशी बोलायचा. ब्रेक लावा, ब्रेक सोडा, इंजिन सुरू करा. त्याचं इंग्रजी ऐकून गोरे वैमानिकही खिडकीतून वाकून बघत. मला मात्र धड दोन वाक्यं जोडता येत नसत. मी हातवाऱ्यांवर भागवायचो.

आमच्या धावपट्टीवर कुठकुठली विमानं उतरत, आणि उतरलं की सगळे इंग्रजी बोलत. म्हणजे बोलावंच लागे. कोणी नाकातून, कोणी घशातून, कोणी शब्द गिळून. जोडीदार म्हणायचा, "अरे, हे इंग्रजी नाही, ही भूक आहे. प्रत्येकाला पोटापुरतंच येतं."

एका दुपारी मालवाहू विमान निघायचं होतं. चार पंख्यांचं, जुनं, युरोपच्या पूर्वेकडच्या कुठल्याशा देशाचं. कॅप्टन पन्नाशीचा, जाड मानेचा. जिना चढताना त्याने आमच्याकडे बघून "गुड, गुड" एवढंच म्हटलं होतं. ऊन असं होतं की टगचं स्टिअरिंग फडक्याशिवाय धरता येत नव्हतं.

मी विमान मागे ढकललं. जोडीदाराने ब्रेक लावायला सांगितलं, वरून ब्रेक लागले. त्याने दांडा सोडवला, मी टग थोडा लांब घेतला. लांबच्या बाजूचं एकच इंजिन सुरू होतं. जोडीदार पुन्हा नाकाच्या चाकाशी गेला. तिथे एक लोखंडी पिन काढायची असते. ती काढून वर दाखवली की आमचं काम संपलं. तो गुडघ्यावर बसला, एक पाय चाकापुढे पसरून. हेडसेट अजून कानावरच होता.

तेवढ्यात कॅप्टन त्याच्याशी काहीतरी बोलला असावा, कारण जोडीदार थांबला, एका हाताने कान दाबून धरला आणि मोठ्याने म्हणाला, "गो अहेड, कॅप्टन!"

आणि विमान पुढे आलं.

फार वेगाने नाही. बैल दावं ओढत उठतो तसं. चाक त्याच्या पोटरीवर चढलं. हाड मोडल्याचा आवाज मी इंजिनच्या आवाजातही ऐकला, हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. मी टगवर उभा राहून डोक्यावर हात फुलीसारखे धरले. विमान थांबलं. मी गळ्यावरून हात फिरवला. इंजिन बंद झालं. चाक मात्र पायावरच उभं होतं.

जोडीदार आधी ओरडला नाही. तो पायाकडे बघत राहिला. मग त्याने जे ओरडायला सुरुवात केली, ते ऐकून गोदामातून माणसं धावत आली. डांबरावर रक्त पसरत होतं आणि गरम डांबराला त्याचा वास सुटला होता.

मी टग पुढे घेतला. हमालांनी दांडा पुन्हा चाकाला अडकवला. आता कॅप्टनने ब्रेक सोडले असते तर मी विमान हातभर मागे ढकललं असतं. जोडीदाराच्या डोक्यावरचा हेडसेट मी काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यात बोललो.

"कॅप्टन! लीव्ह ब्रेक! लीव्ह ब्रेक!"

"येस, येस," वरून आवाज आला. "लीव्ह ब्रेक. ओके."

मी टगवर चढून जोर लावला. टगची चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा धूर निघाला. विमान नुसतं हललं आणि पुन्हा तिथेच बसलं. खाली जोडीदाराची किंकाळी फुटली. त्याने दोन्ही हातांनी चाकावर बुक्क्या मारल्या. ब्रेक सुटलेच नव्हते. आपण ब्रेक सोडा म्हणतो, म्हणून मी लीव्ह म्हटलं. कॅप्टनने ब्रेक आहे तसा राहू दे असं ऐकलं. दोघांचंही बरोबर होतं आणि माणूस चाकाखाली होता.

मी उडी मारून विमानासमोर गेलो. कॅप्टनचा चेहरा काचेमागे पांढराफटक दिसत होता. मी मूठ वर धरली आणि सावकाश उघडली. ही खूण सगळ्या देशांत एकच. काचेमागे त्याचीही मूठ वर आली, उघडली. मी परत टगवर धावलो. या वेळी विमान सरकलं.

गुडघ्याखाली पाय राहिलाच नव्हता. एकाने पट्टा काढून मांडीला आवळला.

जिन्यावरून कॅप्टन धावत खाली आला. कदाचित मदतीलाच येत होता. पण त्याला जोडीदारापर्यंत पोचूच दिलं नाही. मालवणकडच्या एका धिप्पाड हमालाने त्याची कॉलर धरून त्याला जमिनीवर आपटला. मग सगळे तुटून पडले. बूट, बुक्क्या, कोणाच्या तरी हातात लाकडी ठोकळा. कॅप्टन हातांनी डोकं झाकून एकच ओरडत होता, "ही से गो! ही से गो!" ते ऐकून मारणारे आणखी पेटले. ठोकळा त्याच्या भुवईवर बसला आणि चामडी लोंबली. दुसरा वैमानिक अग्निशमनाची नळकांडी घेऊन खाली आला आणि त्याने समोर येईल त्याला हाणायला सुरुवात केली. एक फटका माझ्या खांद्यावर बसला. मी कोणाला मारत नव्हतो, कोणाला सोडवतही नव्हतो. "तो खरं बोलतोय" एवढं एकच माझ्या डोक्यात होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. शेवटी पोलीस आले, "खलास! खलास!" म्हणजे 'बस, पुरे', असं ओरडत त्यांनी काठ्या चालवल्या, तेव्हा गर्दी पांगली.

काही दिवसांनी चौकशी झाली. लांब टेबल, पंखा, पाण्याचे ग्लास. चौकशी करणारा साहेब इंग्लंडचा. त्या खोलीत घरी इंग्रजी बोलणारा तो एकटाच, आणि नेमकं त्याचंच बोलणं कोणाला कळत नव्हतं. कॅप्टन भुवईला टाके घालून बसला होता. तो दर वाक्याला "प्लीज, स्लो" म्हणत होता.

साहेबाने मला विचारलं, "तुझा जोडीदार काय म्हणाला?"

मागे आमचे लोक उभे होते. मी म्हणालो, "गो अहेड."

साहेबाने टेबलावर बोटं वाजवली आणि सावकाश समजावलं. वायरलेसवर 'गो अहेड' म्हणजे 'बोला, ऐकतोय'. कॅप्टनला सामानाचं दार उघडं असल्याचा दिवा लागल्याचं सांगायचं होतं. तो "ग्राउंड, ग्राउंड" म्हणाला, जोडीदाराने "बोला" म्हटलं, आणि कॅप्टनला ऐकू आलं "पुढे चला". दोष कोणाचा, हे काही साहेबाने सांगितलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे जमिनीवरून कोणी 'गो अहेड' म्हणायचं नाही, असा हुकूम मात्र निघाला. जोडीदाराचं इंग्रजी माझ्यासारखं तुटकं असतं तर हा शब्द त्याच्या तोंडी आलाच नसता. चांगलं येत होतं, म्हणून सहज निघून गेला.

त्या संध्याकाळी मनामाच्या नईम वस्तीतल्या आमच्या खोलीत मी पोचलो तर माझी वळकटी दाराबाहेर होती. मालवणचा तो हमाल उंबऱ्यात उभा होता.

"मेल्या, तू आमचो काय त्या गोऱ्याचो?"

"त्याने जे म्हटलं तेच मी सांगितलं."

"पाय कोणाचो गेलो? त्या गोऱ्याचो?"

माझं उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही. मला गल्लीत ओढलं. दात पडला, बरगडीला चीर गेली. मारणाऱ्यांमध्ये ज्याच्याशी मी रोज एका ताटात जेवायचो तोही होता, आणि त्याचा हात सगळ्यांत जड होता. शेजारच्या बहारीनी म्हातारीने दार उघडून खरकटं पाणी आमच्या अंगावर फेकलं, कुत्र्यांवर फेकतात तसं. त्यानेच ते थांबलं.

बरगडी दुखत असतानाच मी हॉस्पिटलात गेलो. जोडीदाराचा पाय गुडघ्याखालून कापला होता. कॅप्टनही तिथेच उभा, टोपी हातात धरून. जोडीदार त्याच्याकडे बघत होता.

"सॉरी," कॅप्टन म्हणाला. आणखी काही शब्द शोधत राहिला, ते काही सापडले नाहीत.

जोडीदाराने उशाजवळचा स्टीलचा ग्लास उचलून फेकला. तो थेट भुवईवर बसला, टाके उसवले. कॅप्टनने हात वर केला नाही, बाजूलाही झाला नाही. रक्त डोळ्यात उतरलं तसं त्याने पुसलं. नर्स धावत आली. वसईचीच बाई ती. दोघांवरही सारखीच कडाडली.

मग जोडीदार माझ्याकडे वळला. "तू पण जा."

तो गावी गेला, कृत्रिम पाय लावून परत आला. कंपनीने त्याला वर खोलीत वायरलेसवर बसवलं. मी टग सोडला आणि सनद नावाच्या गावी एका बांधकामवाल्याकडे ट्रक चालवायला लागलो. पुढे बायकोला इथे आणलं, मुलं इथेच शाळेत गेली. आमचं मराठी त्यांना कळतं, उत्तर इंग्रजीत देतात. बरीच वर्षं आमची भेट नाही. नव्वद साल उजाडून गेल्यावर एका शुक्रवारी मनामाच्या बाजारात तो समोर आला. चालताना थोडा डुगडुगत होता. आम्ही चहा घेतला.

"मी बोललो तेच तू सांगितलंस," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला."

मी मान हलवली.

"पण तू सांगायला नको होतंस."

"त्या कॅप्टनला मारून टाकला असता रे आपल्या लोकांनी."

"मारू द्यायचं होतं," तो शांतपणे म्हणाला, आणि माझ्या पडलेल्या दाताच्या फटीकडे बघून विचारलं, "हा बसवून का नाही घेतलास?"

मी म्हणालो, सवय झाली. त्याने आणखी एक चहा मागवला.